साठेखत झालंय, खरेदीखत होत नाहीये. कोर्टात त्या कागदाला किती किंमत?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

प्रश्न माझ्या मामांचा. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सांगलीत गावभागातलं एक जुनं घर घ्यायचं ठरवलं. २०१९ च्या पुरात तळमजला बुडाला होता, म्हणून ३८ लाखांत सौदा जमला. ५ लाख विसार (आगाऊ रक्कम) दिला, ४ चेकने नि १ रोख. ५०० च्या स्टँपवर साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं, नोटरीचा शिक्का आहे, रजिस्टर केलेलं नाही. सहा महिन्यांत खरेदीखत करून द्यायचं असं त्यात लिहिलंय. म्हणजे मुदत सप्टेंबर २०२३.

विकणारे मामांचे शाळेपासूनचे मित्र. प्रॉपर्टी कार्डावर त्यांचं आणि त्यांच्या बहिणीचं, अशी दोन नावं. बहीण बडोद्याला असते, साठेखतावर तिची सही नाही. "ती कुठे जातेय, राखीला येईल तेव्हा घेऊ सही." राखी गेली, दिवाळी गेली, अशा कितीतरी राख्या-दिवाळ्या गेल्या. आता मित्र म्हणतात, भाव साठाच्या वर गेलाय, तुझे पाच परत ने, वर पन्नास हजार देतो.

मामा म्हणतात, माझ्याकडे कागद आहे, कोर्ट घर देईलच. मामी म्हणते, त्या कागदाची होडी करून कृष्णेत सोडा. कोण बरोबर?

शंकासुर
मामींना +१. पन्नास हजारांत मामींना पाटल्या करा.

टोकन_नंबर_४२
सरळ ४२० ची तक्रार द्या पोलिसात. दोन दिवसांत सही करायला धावत येतील. आमच्या कॉलनीत एकाने हेच केलं होतं.

दिवाणी_दिवाना
@टोकन, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक आता कलम ३१८. 'चारसोबीस' ही शिवीसुद्धा बदलून घ्यावी लागणार. बाकी, भाव वाढला म्हणून कोणी शब्द फिरवला तर ती आपोआप फसवणूक होत नाही. करार करतानाच द्यायचं मनात नव्हतं, हे दाखवावं लागतं. दिवाणी भांडणाला फौजदारी कपडे घालून आणलं की वरची कोर्टं चिडतात, तो गुन्हा रद्द होतो, आणि तेवढ्यात दाव्याची मुदत निघून जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता ताई तुमच्या प्रश्नाकडे. वीस वर्षं दिवाणी बाजूची वकिली करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम ५४ स्वच्छ सांगतं की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मामांच्या हातात आज घर नाही. घर लिहून दे म्हणून कोर्टात जायचा हक्क आहे, तेवढाच. पण तो हक्क खरा आहे, होडी करू नका. रजिस्टर नाही म्हणून कागद बाद होतो हा समज चुकीचा. नोंदणी कायद्याच्या कलम ४९ च्या परंतुकाप्रमाणे करारपूर्तीच्या (करार पाळायला लावण्याच्या) दाव्यात नोंदणी नसलेलं साठेखत पुरावा म्हणून चालतं.

दुसरं, २०१८ च्या आधी करारपूर्ती द्यायची की नाही हे न्यायाधीशाच्या विवेकावर होतं. "कायद्याने देता येतं, पण देत नाही, पैसे परत घ्या" असे निकाल ढिगाने आहेत. १ ऑक्टोबर २०१८ पासून विशिष्ट अनुतोष कायदा बदलला आणि तो विवेकाधिकार गेला. मामांचा करार २०२३ चा, म्हणजे नव्या कायद्यातला. इथवर मामा जिंकले.

पण त्याच कायद्याचं कलम १६(क) राहिलंय, आणि दावे तिथेच बुडतात. खरेदीदार सगळा वेळ व्यवहार पुरा करायला तयार आणि राजी होता, हे त्यानेच सिद्ध करायचं. तयारी म्हणजे पैसा, राजी म्हणजे वागणूक. समोरचा किती नालायक हे कोर्ट नंतर बघतं, आधी विचारतं की तुम्ही काय केलंत.

तेव्हा सांगा: सप्टेंबर २०२३ मध्ये उरलेले ३३ लाख कुठून येणार होते? मुदत संपायच्या आत मामांनी एक तरी पत्र, नोटीस, मेसेज पाठवला का? आणि मित्राने करार रद्द केल्याची लेखी नोटीस दिली आहे का?

अण्णा_फलटणकर
वकीलसाहेबांचं ते "पैसे कुठून येणार होते" मी दहा वर्षं आणि बऱ्याच फीनंतर शिकलो. इथे फुकट मिळतंय, घ्या.

माझा करार २००९ चा. बिगरशेती प्लॉट, ९ लाखांचा सौदा, २ दिले होते. मालक फिरला. २०११ ला दावा टाकला आणि माझी उलटतपासणी आली २०१६ मध्ये. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलेलो, म्हटलं सत्य आपल्या बाजूला आहे. समोरचे वकील वयस्कर, फार गोड बोलायचे. "अण्णा, ऑगस्ट २००९ ला तुम्ही उरलेले सात लाख द्यायला तयार होता?" म्हटलं, हो. "राजी होता?" हो. "मग त्या महिन्याचं पासबुक आहे का?" मी मोठ्या तोऱ्यात दिलं. त्यांनी चष्मा वर केला, पान उलटलं आणि बोट ठेवून न्यायाधीशांना आकडा वाचून दाखवला. अकरा हजार चारशे तीस.

मी म्हणालो, मेव्हणा देणार होता. "बरं, मग मेव्हण्यांना साक्षीला आणताय ना?" आता तोवर मेव्हण्याचं नि माझं दुसऱ्याच कारणावरून बोलणं बंद झालेलं. मी गप्प. टायपिस्टसुद्धा थांबून माझ्याकडे बघत होता.

प्लॉट गेला. विसार तेवढा सहा टक्के व्याजाने परत मिळाला, तोही आमच्या वकिलाने दाव्यात "करारपूर्ती नाही तर निदान रक्कम परत" अशी पर्यायी मागणी घातली होती म्हणून.

दिवाणी_दिवाना
अण्णा, ती पर्यायी मागणी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २२ ची. ती मागितलीच नसेल तर कोर्ट विसारही देत नाही, हे खरंय. दुरुस्ती करून घालता येते, पण आधीच घातलेली बरी.

लोकांचा एक गोंधळ दूर करतो. तयारी दाखवायची म्हणजे ३३ लाख खात्यात कुजवत ठेवायचे असं नाही. कोर्टाने सांगितल्याशिवाय प्रत्यक्ष रक्कम जमा करावी लागत नाही, कायद्यात तसा खुलासाच आहे. पण पैसा उभा राहिला असता हे दिसलं पाहिजे. कर्जमंजुरीचं पत्र, ठेवींच्या पावत्या, दुसरी जागा विकल्याचा दस्त, काहीही. मेव्हणासुद्धा चालतो, फक्त बोलता हवा.

सुगरण_नव्हे
"फक्त बोलता हवा" :)))) चहा सांडला कीबोर्डवर.

मीठभाकर
सगळे खरेदीदाराच्या बाजूने बोलताहेत, म्हणून विकणाऱ्याचंही ऐका. आमच्या वडिलांनी २०१२ साली भोरकडच्या जागेसाठी एकाकडून १ लाख विसार घेतला. सौदा २२ लाखांचा. चार महिन्यांची बोली. पठ्ठ्या गायब. वडील त्याच्या घरी दोनदा जाऊन आले, "काका बघतो, काका करतो." पावणेतीन वर्षांनी रिंगरोडची चर्चा सुरू झाली आणि साहेब पेढे घेऊन हजर! वर वकिलाची नोटीस, मी कायम तयार होतो म्हणे. त्या १ लाखावर त्याने आमची जागा तीन वर्षं फुकट अडकवून ठेवली आणि वाढलेला भाव मात्र त्याचा? ही कुठली नीती? आईच्या ऑपरेशनसाठी जागा काढायची होती. शेवटी दागिने मोडले.

तेव्हा ताई, रागावू नका, पण तुमच्या मामांनी या वर्षांत नेमकं काय केलं ते मलाही ऐकायचंय.

दिवाणी_दिवाना
@मीठभाकर, तुमच्या वडिलांसारखाच खटला सर्वोच्च न्यायालयात १९९७ मध्ये निकाली निघाला. के. एस. विद्यानादम विरुद्ध वैरवन. मदुराईचं घर, करार १९७८ चा, किंमत ६०,०००, विसार ५,०००, मुदत सहा महिने. खरेदीदार अडीच वर्षं स्वस्थ बसला नि मग जागा झाला. तोवर भाव तिप्पट. कोर्टाने करारपूर्ती नाकारली. स्थावराच्या व्यवहारात वेळ हा सहसा कराराचा गाभा मानत नाहीत, हे जुनं सूत्र. पण शहरी मालमत्तेचे भाव असे धावत असताना मुदतीकडे डोळेझाक करता येत नाही, असं त्यांनी म्हटलं. तो निकाल जुन्या विवेकाधिकाराच्या काळातला, हे खरं. तरी 'राजी होता का' हे तपासताना आजही त्याची आठवण निघतेच.

वऱ्हाडी_ठेचा
ते सारं ठीक हाये, पण 'विसार' काय असते बावा? आमच्याकडं इसारचिठ्ठी म्हणतात, नाहीतर सौदाचिठ्ठी. विसार म्हणल्यावर मले वाटलं पैसे देऊन विसरून जायाचं असते.

शंकासुर
मामांच्या मित्राने तोच अर्थ घेतलेला दिसतोय.

सुगरण_नव्हे
अवांतर: साठेखत हे साठे आडनावाच्या माणसाने काढलं असं मी लग्न होईपर्यंत समजत होते. सासरे हसून हसून बेजार.

टोकन_नंबर_४२
मग काय असतं?

अण्णा_फलटणकर
साटं म्हणजे सौदा, अदलाबदल. साटंलोटं म्हणतो ना, तेच. साट्याचं खत.

पणजीचो_पोरगो
आमच्या गोव्यात ह्याच्यावर अजून एक गाठ आहे. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. म्हापशात आमच्या एका नातलगाने घराचा करार केला, समोरच्याची एकट्याची सही. बायको म्हणाली, मी देत नाही. सगळं तिथेच थांबलं. तेव्हापासून आमच्यात म्हणतात, आधी चहा प्यायला स्वयंपाकघरात जा, मग बाल्कांवात बसून सौदा कर. तुमच्या सांगलीच्या प्रकरणात बायकोऐवजी बहीण आहे एवढंच.

लेकुरवाळी
हा धागा वाचून पोटात गोळा आला. आम्ही साताऱ्याजवळ २००४ पासून ज्या घरात राहतोय ते 'ताबे साठेखता'वरच घेतलंय, १०० च्या स्टँपवर. पूर्ण पैसे दिलेत. मालक वारले. घरपट्टी आमच्या नावाने येते, लाइट बिल आमच्या नावाने. आम्ही मालक आहोत की नाही?

दिवाणी_दिवाना
ताई, घाबरू नका, पण नाही. घरपट्टी नि लाइट बिलाने मालकी येत नाही. ताबा असलेल्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३अ चं संरक्षण मिळायचं, पण सप्टेंबर २००१ नंतरच्या करारांना ते हवं असेल तर करार नोंदवलेला लागतो. तुमचा २००४ चा. शिवाय महाराष्ट्रात ताबा दिलेलं साठेखत मुद्रांकासाठी खरेदीखतासारखंच धरतात. १०० च्या स्टँपवरचा तो कागद कोर्टात दाखवला की कोर्ट आधी तो इंपाउंड करतं, म्हणजे अडकवून ठेवतं, शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुढे सरकत नाही. मालकाच्या वारसांशी संबंध चांगले असतील तर आजच त्यांच्याकडून खरेदीखत करून घ्या. आज म्हणजे या महिन्यात, त्यांची मुलं मोठी व्हायच्या आत.

लेकुरवाळी
वारस दोन आहेत. एक गणपतीत आमच्याकडे जेवायला येतो. दुसरा ओळख देत नाही.

शंकासुर
दुसऱ्यालाही मोदक पाठवा.

बे_एरियातून
इथे बसून एक भाबडा प्रश्न. पुण्यात ब्रोकरने सुचवलंय, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र दोन्ही घ्या, खरेदीखताची गरजच नाही, सगळे असंच करतात.

दिवाणी_दिवाना
सगळे करायचे. २०११ च्या सूरज लॅम्प निकालानंतर करायला नको. साठेखत आणि मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केलंय. ब्रोकर बदला.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. काल सांगलीला जाऊन आले, म्हणून उशीर.

मामांची लोखंडी ट्रंक उपसली. सापडलेलं सांगते. बँकेचं गृहकर्ज मंजुरीचं पत्र, २५ लाख, तारीख ऑगस्ट २०२३. ठेवींच्या पावत्या मिळून साडेनऊ. म्हणजे ३३ पूर्ण होतात नि वर दीड लाख उरतो. (अण्णा, मी पासबुकसुद्धा बघितलं हो!) फोनवर मित्राला पाठवलेले मेसेज आहेत, "अरे बहिणीला विचारलंस का", "बँक विचारतेय कधी करायचं", असे सात-आठ, पहिला सप्टेंबर २०२३ मधला. उत्तरात नुसता हात जोडलेला इमोजी. मित्राकडून रद्द केल्याची नोटीस वगैरे काही नाही.

नोटीस मात्र मामांनी कधीच पाठवली नाही. का, विचारलं तर म्हणाले, "त्याच्या आईने मला जेवायला वाढलंय. त्याला वकिलाचा लखोटा कसा पाठवू?" मामी आतून म्हणाली, "त्याला भाव वाढवताना ती आई आठवली नाही!" मग मी काही बोलले नाही.

मीठभाकर
मघाशी तिखट लिहिलं. मागे घेतो. हे कागद माझ्या वडिलांच्या गिऱ्हाइकाकडे असते तर तो जिंकला असता.

दिवाणी_दिवाना
ताई, हे चांगलं निघालं. फोन बदलू नका, मेसेज पुसू नका, वकिलाकडून त्यांचा पुराव्यासाठी लागणारा दाखला तयार करून घ्या.

आता महत्त्वाचं. मुदतीच्या कायद्यातला अनुच्छेद ५४: करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षं. "तो आत्ता नाही म्हणाला, तिथून मोजू" हे तारीख नसलेल्या करारांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुमची मुदत सप्टेंबर २०२३ ला आली, म्हणजे दावा सप्टेंबर २०२६ च्या आत दाखल व्हायला हवा. नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही. तोंडी आश्वासनांनी तर नाहीच.

नोटीस मिळाल्यावर मित्र करार रद्द केल्याचं कळवू शकतात. तसं झालं तर दाव्यात 'ते रद्द करणं बेकायदा आहे असं ठरवून मिळावं' हीसुद्धा मागणी घाला. ती नाही म्हणून दावा फेटाळल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. दावा दाखल झाल्यावर तो चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. इतर बहुतेक राज्यांत दावा असला की नंतरचा खरेदीदार आपोआप बांधला जातो, आपल्याकडे १९३९ च्या मुंबई दुरुस्तीमुळे ती नोंद लागते. लोक हे विसरतात, आणि दरम्यान तिसराच माणूस येऊन गृहप्रवेश करतो.

रोख एक लाखाचं: साठेखतात त्याचा उल्लेख आहे ना? असेल तर लपवू नका. २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला आयकरात तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो, ते मित्राचं दुखणं.

खरी अडचण बहीण. तिने सही केलेली नाही, त्यामुळे तिचा हिस्सा या कराराने बांधला जात नाही. कोर्ट फार तर भावाच्या हिश्श्यापुरता हुकूम देईल. मग मामा अर्ध्या घराचे मालक, पण ते घर कुटुंबाचं राहतं असेल तर बाहेरच्याला आत जाऊन राहता येत नाही, वाटपाचा दावा करावा लागतो. आणि वाटप मागितलं की १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे बहीण मामांचाच हिस्सा विकत मागू शकते. एवढं लढून घर तिचं!

टोकन_नंबर_४२
म्हणजे मामी बरोबर होत्या?

अण्णा_फलटणकर
मामी नेहमीच बरोबर असतात. प्रश्न कधी ऐकायचं एवढाच असतो.

पणजीचो_पोरगो
पण कोणी त्या बहिणीला विचारलं का? म्हणूनच मी स्वयंपाकघराचं म्हणत होतो.

कृष्णाकाठची
पोरगो, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री मामीने बडोद्याला फोन लावला. दोघी लग्नाआधी एकाच गल्लीत राहायच्या, नंबर तिच्याकडे होताच.

बहीण म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं. दादा म्हणाला घर विकायचं नाही म्हणून. मला पैशांची गरज आहे, नातवाची फी भरायची आहे. अडतीसला सही देते, माझे एकोणीस माझ्या खात्यात आले पाहिजेत." मामा तासभर अंगणात फेऱ्या मारत होते.

दिवाणी_दिवाना
फोनवर नको. हे वाक्य तिच्याकडून लिहून घ्या, सहीने, तारखेसह. तिचा नवा करार स्वतंत्र आणि रजिस्टर करा, तिचे पैसे तिच्याच खात्यात. भावाला नोटीस तरीही जाऊ द्या. आणि लखोटा "घेण्यास नकार" शेरा मारून परत आला तर फोडू नका, तसाच बंद ठेवा. कोर्टात तो बंद लखोटाच बोलतो.

कृष्णाकाठची
मामांनी आज सकाळी वकीलपत्रावर सही केली. नोटिशीचा मसुदा वाचून एकच दुरुस्ती सांगितली, 'प्रतिवादी' खोडून मित्राचं नाव घाला म्हणाले.

वऱ्हाडी_ठेचा
आन मामींचे ते पन्नास हजार?

सुगरण_नव्हे
पाटल्यांचा धागा वेगळा काढा.